मामांचा हाफ प्लेट कॅमेरा : दुरुस्तीच्या नोंदी

१२ जून २०२४

तासगावच्या माळ्यावर सतरंजीत गुंडाळून ठेवलेला कॅमेरा आज सांगलीला आणला. आजोबांनी तो मुंबईहून सेकंडहँड घेतला होता. त्यांच्यानंतर मामांनी त्यावर काम केलं. स्टुडिओ बंद झाला तेव्हा रिफ्लेक्टर, स्टँड, पडदे सगळं गेलं, एवढा कॅमेरा मामांनी दिला नाही.

टेबलावर मांडून यादी केली. लाकडी खोकं, चामड्याचा भाता, पितळी नळीतली लेन्स, तिच्या पुढ्यात बसणारं लाकडी चौकोनी शटर, मागे ग्राउंड ग्लासची, म्हणजे फोकस पाहायच्या खरखरीत काचेची चौकट आणि फोटोच्या काचा (प्लेटा) ठेवायचे दोन प्लेट होल्डर. हे होल्डर पुस्तकासारखे उघडतात. आत दोन काचा पाठीला पाठ लावून बसतात आणि मध्ये काळा पत्रा. कोपऱ्यात हाडाच्या इवल्या चकत्यांवर आकडे कोरलेत : एकावर १ आणि २, दुसऱ्यावर ५ आणि ६. म्हणजे ३-४ चा होल्डर कुठेतरी हरवला. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. मोजलं, बरोबर तेवढंच.

ग्राउंड ग्लास उजेडाकडे धरली तर खरखरीत बाजूवर पेन्सिलच्या रेघा दिसल्या. दोन उभे चौकोन, आणि त्यातल्या एकाच्या पोटात आणखी एक लहान. लहानाच्या कडेला बारीक अक्षरात ‘पास’. पासपोर्ट फोटोची मर्यादा. अक्षर आजोबांचं आहे, त्यांच्या खतावणीतला ‘प’ असाच पोट फुगलेला असतो. ही काच पुसायची नाही. चौकट साफ करताना काचेला पाणी लावायचं नाही, हे इथेच लिहून ठेवते.

१६ जून

आजचा सगळा रविवार एका प्रश्नात गेला : हा बनवला कुणी?

पुढच्या फळीवर लेन्सच्या खाली लाकूड एका लंबगोलात फिकट आहे आणि दोन बाजूंना खिळ्यांची दोन भोकं. तिथे नावाची पट्टी होती, ती गेली. शटरवर मात्र पट्टी शाबूत आहे : थॉर्नटन-पिकार्ड, अल्ट्रिंचम. मामा इतकी वर्षं कॅमेऱ्याला ‘पिकार्ड’ म्हणत आलेत ते यावरूनच.

पण शटरच्या नावावरून खोक्याचं नाव ठरत नाही. जॉन एडवर्ड थॉर्नटन आणि एडगर पिकार्ड यांनी १८८८ मध्ये मँचेस्टरला भागीदारी केली आणि मग कारखाना शेजारच्या अल्ट्रिंचमला नेला. त्यांचं रोलर-ब्लाइंड शटर इतकं चाललं की ते सुटंही विकलं जाई आणि लोक ते कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसवत. लेन्स तर बहुतेक वेळा वेगळीच घेतली जायची. म्हणजे त्या काळच्या एका कॅमेऱ्यावर तीन-तीन नावं असू शकतात, आणि त्यातलं एकही लाकूडकाम करणाऱ्याचं नसतं.

मला या धंद्यातलं हेच सगळ्यात जास्त लागतं. सँडरसनचं उदाहरण घ्या. फ्रेडरिक सँडरसन हा केंब्रिजचा फर्निचर करणारा कारागीर. इमारतींचे फोटो काढताना पुढची फळी हवी तशी वर-खाली आणि तिरकी करता यावी म्हणून त्यानं खाचा पाडलेल्या पितळी पट्ट्यांची युक्ती काढली आणि १८९५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. कॅमेरे विकले लंडनच्या हॉटन कंपनीनं आणि प्रत्यक्ष घडवले होम्स ब्रदर्सनी. १९०४ मध्ये होम्स आणि आणखी काही छोटे कारखाने मिळून हॉटन्स लिमिटेड झाली आणि होम्स हे नाव पाट्यांवरून नाहीसं झालं. लाकडाच्या डव्हटेल जोडाचा एकेक दात ज्या हातांनी कापला त्यांची ही गत.

२३ जून

लाकूड. खोकं महोगनीचं आहे, याबद्दल आता शंका नाही. लालसर, बारीक रेषा, वजनाला बेताचं. खालची फळी, जिच्यावर भाता पुढे-मागे सरकतो, ती मात्र सागवानाची निघाली. तळाला पटाशीच्या टोकानं नखाएवढं खरवडलं आणि नाकाशी धरलं : तेलकट, किंचित चामड्यासारखा वास. सुताराच्या दुकानात वाढलेल्या माणसाला हा वास ओळखायला पुस्तक लागत नाही. मूळ फळी कधीतरी फाटली असणार आणि कुणीतरी सागाची नवी करून बसवली. पितळी दातेरी पट्टी जुनीच आहे, तिचे स्क्रूही जुने. पण सागात स्क्रू अर्धा आटा तिरके गेलेत, कारण साग महोगनीइतका मुकाट्यानं स्क्रू घेत नाही.

इंग्लंडात बनलेले कॅमेरे इथल्या हवेत उकलायचे. सगळे जोड सरसाचे, आणि सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा. पावसाळ्यात तो ओल धरतो, मऊ पडतो, झुरळं खातात. म्हणून सँडरसनसारख्यांनी ‘ट्रॉपिकल’ मॉडेल काढली : अंग सागाचं, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, आणि सरसाच्या जोडीला स्क्रू. आपल्याकडच्या संग्राहकांत आज त्यांना जास्त भाव आहे. आमचा तसा नाही. साधा महोगनीचा, आणि इथे येऊन एक फळी सागाची झालेला.

पॉलिशची परीक्षा : तळाला, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा एक थेंब. अर्ध्या मिनिटात चिकट झालं. चपडा पॉलिशच आहे. लाख छोटा नागपूरच्या जंगलातली, गेली विलायतेला, तिथे महोगनीवर चढली आणि कॅमेऱ्याबरोबर परत आली. त्यावर पॉलीयुरेथेन मारा असं एकानं सुचवलं होतं. नाही मारणार. चपड्यावर चपडा विरघळून एक होतो, पुढच्या माणसाला तो पुन्हा काढताही येतो. फेव्हिकॉलचंही तेच. मागच्या चौकटीचा एक कोपरा कुणीतरी फेव्हिकॉलनं चिकटवलाय आणि तिथे लाकूड फोडल्याशिवाय जोड सुटणार नाही. तो तसाच ठेवते. बाकीचे दोन ढिले जोड कोमट पाण्याच्या फडक्यानं सोडवले, साफ केले, नवा सरस लावून दोरीनं आवळून ठेवलेत.

स्क्रू एका पुठ्ठ्यावर कॅमेऱ्याचं चित्र काढून त्या-त्या जागी खोचून ठेवलेत. हातानं पाडलेल्या खाचा, एकाची लांबी दुसऱ्यासारखी नाही. अदलाबदल झाली तर एकही धड बसणार नाही.

७ जुलै

भाता. रात्री दिवे घालवून आत मोबाईलचा टॉर्च ठेवला. घड्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून उजेड. शंभरेक भोकं असतील. काळ्या रंगानं भरायची म्हटली तर दोनदा उघडझाप केली की पुन्हा तडे जाणार.

पूर्वीच्या कॅमेऱ्यांना भाता नव्हता, एकात एक सरकणारी दोन खोकी असत. भाता आला तरी सुरुवातीला दोन्ही टोकांना सारखा चौकोनी. १८५७ मध्ये स्कॉटलंडच्या किनिअरनं पुढे निमुळता होत जाणारा भाता काढला. मिटताना घड्या एकमेकींच्या आत बसतात आणि कॅमेरा चपटा होतो. आमचा भाता त्याच जातीचा : मागे साडेसहा इंच, पुढे साडेचार, ताणला की जवळजवळ सतरा इंच.

मागची कड सोडवली आणि अस्तर एका बाजूनं उसवलं. चामडं आणि अस्तर यांच्या मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात, घडीला ताठपणा त्यांचा. पहिली पट्टी बाहेर काढून उलटी केली आणि हात थांबला. तिच्यावर छापील अक्षरं. अर्धवट कापलेलं, पण वाचता येतं : ‘इल्फ’. पुढच्या पट्टीवर उरलेलं. इल्फर्डच्या फोटो प्लेटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पट्ट्या केलेल्या! म्हणजे हा भाता इंग्लंडातला नाही. स्टुडिओत रिकामी पडलेली खोकी ज्याच्या हाताशी होती, अशा कुणीतरी इथे बनवलाय.

लगेच मामांना फोन केला. आजोबांना ते दादा म्हणत. मामा म्हणाले, “अगं, तो मिरजेच्या पेटीवाल्यानं केलेला. मी शाळेत होतो. दादांनी त्याला खोकी नेऊन दिली होती, म्हणाले पुठ्ठा जर्मन असो की इंग्लिश, घडी तुझ्या हाताची पाहिजे.”

१४ जुलै

आठवडाभर हेच डोक्यात आहे. बाजाच्या पेटीचा भाता आणि कॅमेऱ्याचा भाता, काम एकच : हवा असो की उजेड, नको तिथून जाता कामा नये.

केरळात आलप्पुळ्याला नेमकं हेच घडलं होतं. करुणाकरन यांच्या वडिलांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. १९४० च्या दशकात एका स्टुडिओवाल्यानं कॅमेऱ्याचा फाटलेला भाता दुरुस्तीला आणला. पेटीचे भाते करणाऱ्या हातांना तो जमला, आणि करुणाकरन यांनी पुढे अख्खा कॅमेराच बनवला. त्याचं नाव वागीश्वरी, म्हणजे सरस्वती. लाकूड सागाचं, पितळकाम तिथलंच. देशभरातल्या स्टुडिओंमध्ये हे कॅमेरे पोचले. आणि आपल्या कोल्हापुरात त्याच्याही आधी बाबूराव पेंटर आणि आनंदराव मेस्त्री सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवायला बसले होते. आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन तो पुरा केला. सुतार, लोहार, वाद्यवाले यांच्या हातांतूनच हे यंत्र आपलं झालं, असं मला आता ठामपणे वाटतं. कॅमेऱ्याच्या इतिहासात लेन्सवाल्यांची पानंच्या पानं आहेत. या हातांसाठी एक ओळ शोधावी लागते.

२१ जुलै

मिरज. सतारमेकर गल्लीत दोन-तीन ठिकाणी विचारत शेवटी पेट्यांचं काम करणाऱ्या एका चाचांकडे पोचले. मिरजेत वाद्यं करणारी बरीच घराणी मूळची शिकलगार, शस्त्रांना धार लावणारी. शस्त्रं गेली आणि तेच हात एकोणिसाव्या शतकात तंबोऱ्या-सतारींकडे वळले. चाचांच्या दुकानात भोपळे टांगलेले, खाली पेट्यांचे सांगाडे, आणि सरसाचा तोच वास.

त्यांनी भाता हातात घेतला, दोन घड्या बोटांनी दाबल्या, कानाशी नेला. “ताई, चमडं मेलंय. आवाज ऐका, कागदासारखा वाजतोय. नवंच घालावं लागेल.” मी म्हटलं, पट्ट्या मात्र त्याच हव्यात. त्यांनी छापील अक्षरं पाहिली आणि हसले. “आमच्यातल्याच कुणाचं तरी काम आहे. बघा, कोपऱ्याला पट्टी तिरकी कापलीये आणि टोक गोल केलंय. टोक टोकदार ठेवलं तर चमड्याला आतून भोक पडतं. हे पेटीवाल्यालाच कळणार.”

पातळ बकरीचं चामडं त्यांनीच निवडून दिलं. पैसे फक्त चामड्याचे घेतले. भाता तुम्हीच करा, अडलं तर या, म्हणाले.

११ ऑगस्ट

पहिला भाता वाया गेला. लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा होणार नाही.

अस्तराला काळं मलमल ताणून त्यावर छत्तीस ओळींत पट्ट्या चिकटवल्या, वर चामडं. पट्ट्यांमध्ये अंतर ठेवलं एक मिलिमीटर, दिसायला सुबक म्हणून. वाळल्यावर घडी घालायला गेले तर कोपऱ्यावर घडी बसेचना, चामडं मुरडून फुगायला लागलं. चामड्याला वळायला जागाच नव्हती. जुन्या भात्यावर पुन्हा मोजलं : अंतर अडीच ते तीन मिलिमीटर. उत्तर समोर असताना मी सुबकपणाच्या मागे लागले.

पट्ट्या ओल्या फडक्यानं सोडवल्या. सरस होता म्हणून सुटल्या, एकही फाटली नाही. मलमल नवं, चामडं तेच, अंतर तीन मिलिमीटर. सरस किंचित ओला असतानाच घड्या घातल्या. एक बाहेर, एक आत, समोरासमोरच्या बाजू एकदम, कोपरे शेवटी. मग मिटवून वर पाटा ठेवला. आपल्या वरवंटा-पाट्यातला पाटा.

१३ ऑगस्ट

उघडला. अंधारात टॉर्च. एकही ठिपका नाही.

१ सप्टेंबर

शटर. आत दोन रूळ, त्यांवर गुंडाळणारा काळा पडदा, पडद्यात मधोमध खिडकी. दोरी ओढली की पडदा वर गुंडाळतो, स्प्रिंग ताणते. रबरी फुगा दाबला की खिडकी लेन्ससमोरून खाली धावते. बाजूच्या चकतीवर स्प्रिंगचा ताण वाढवत नेला की वेग वाढतो, १/१५ पासून १/९० सेकंदापर्यंत. पूर्वीच्या प्लेटा इतक्या मंद होत्या की शटरची गरजच नव्हती, टोपी काढायची, मोजायचं, टोपी घालायची. ड्राय प्लेट आल्या, त्या वेगवान निघाल्या, आणि हाताला सेकंदाचा पंधरावा भाग मोजता येईना. थॉर्नटन-पिकार्डचं नशीब त्यात उघडलं.

पडद्याचं रबर विरघळून चिकट झालं होतं. जुना पडदा कागदावर पसरून खिडकीची लांबी-रुंदी उतरवली आणि ब्लॅकआउटच्या पातळ कापडाचा नवा शिवला. कडांच्या फिती जुन्याच. स्प्रिंगला तेल लावलं नाही. तेल पडद्यावर उडतं.

१५ सप्टेंबर

लेन्सवर कुणाचंच नाव नाही. नळी पिळून पुढचा-मागचा भाग सोडवला : दोन सारख्या जोडभिंगांच्या मध्ये पडदी, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी. रॅपिड रेक्टिलिनिअर. १८६६ मध्ये लंडनला डालमेयर आणि म्युनिकला स्टाइनहाइल, दोघांनी एकमेकांपासून वेगळं राहून हीच रचना काढली आणि पुढची कित्येक वर्षं ती सगळ्यांनी बनवली. सरळ रेघ सरळ येते, हे तिचं मोठेपण.

पडदीच्या कड्यावर आकडे ४, ८, १६, ३२, ६४. हे एफ नंबर समजलात तर चुकाल. ही ब्रिटिश फोटोग्राफिक सोसायटीनं १८८१ मध्ये ठरवलेली जुनी पद्धत, आकडा दुप्पट म्हणजे वेळ दुप्पट. तिच्यातले ४ म्हणजे आपले एफ/८, ८ म्हणजे एफ/११. फक्त १६ दोन्हींत एकच. आजोबांच्या वहीत प्रत्येक फोटोपुढे ‘४ वर’ असं का लिहिलेलं असतं ते आज कळलं : लेन्स पूर्ण उघडी.

फोकल लेंग्थ काढायला लाकडी पट्टीचं चित्र ग्राउंड ग्लासवर पट्टीएवढंच पाडलं. त्या वेळी वस्तू ते काच अंतर फोकल लेंग्थच्या चौपट असतं. भरलं तेहेतीस इंच, म्हणजे सव्वाआठ इंची लेन्स. हाफ प्लेटला अगदी जोगी.

पितळ ब्रासोनं घासलं नाही. त्यावर अजून मूळ लॅकरचा सोनेरी थर आहे.

१२ ऑक्टोबर, दसरा

सगळं जोडून झालं होतं. मामांना आणलं. त्यांनी कॅमेरा पाटावर ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, लेन्सची टोपी काढून आत पाहिलं आणि पुन्हा घातली. स्टुडिओत दर दसऱ्याला त्या दिवशी एकही फोटो काढत नसत. म्हणून आज मीही काढला नाही.

२७ ऑक्टोबर

पहिली चाचणी. काचेच्या प्लेटा नाहीत, म्हणून फोटो पेपरच हाफ प्लेटच्या मापात कापून होल्डरमध्ये घातला. कागदाचा वेग साधारण ६ आयएसओ धरला. व्हरांड्यात शेजारच्या मुलाला खुर्चीत बसवलं, एफ/८ वर चार सेकंद.

लाल दिव्यात चित्र वर आलं आणि मन खट्टू झालं. डोळे मऊ. कान आणि खुर्चीची पाठ मात्र टोकदार. तीनदा काढलं, तिन्ही वेळा तेच. मुलगा हलला म्हणावं तर कान कसे टोकदार? फोकस दर वेळी ठरावीक अंतरानं मागे पडतोय.

संध्याकाळी काचेवरून सहज बोट फिरवलं आणि बोटाला शिसं लागलं. पेन्सिलच्या रेघा बाहेरच्या बाजूला! खरखरीत बाजू लेन्सकडे हवी, कारण होल्डरमध्ये प्लेटचा पृष्ठभाग नेमक्या त्याच ठिकाणी येतो. ऑगस्टमध्ये चौकट साफ करून काच परत बसवताना मी ती उलटी बसवली. काच दोन मिलिमीटर जाड, तेवढ्यानं फोकस बिघडला. आजोबांच्या रेघांनी दाखवून दिलं. ‘पास’मधला ‘स’ मात्र माझ्या बोटानं थोडा पुसट झाला, त्याची हळहळ वाटते.

काच उलटवली. पुन्हा एक कागद. पापण्यांचे केस मोजता येतात.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

आई आणि मामा दोघंही घरी. ओवाळून झाल्यावर मामा म्हणाले, “ताईचा फोटो मी काढतो.” आई मामांपेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला खिडकीपाशी बसवलं. मामांनी काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि बराच वेळ आतच राहिले. चक्रीवर बोटं अर्धा दात पुढे, अर्धा मागे. बाहेर आले ते डोळे पुसत. मग होल्डर सरकवला, त्याची झडप ओढली. मी शटरचा फुगा पुढे केला तर त्यांनी हातानं बाजूला सारला. शटर उघडंच ठेवलं, टोपी काढली, तिनं हवेत अर्धवर्तुळ काढलं आणि मोठ्यानं मोजलं, “एक हजार एक, एक हजार दोन...” पाचापर्यंत. आई एवढ्या वेळात पापणीही न हलवता बसली. तिला सवय होती.

मग जागा बदलून मामांचा फोटो मी काढला, नुकत्याच लावलेल्या टिळ्यासकट.

छापून पाहिलं तर टिळा काळा. कागदाला लाल दिसत नाही, म्हणून. आजोबांच्या जुन्या फोटोंमधली सगळी कुंकवं अशीच काळी आहेत. आईच्या फोटोत डोळे, कुडीतले मोती, चष्म्याच्या काडीवरचा ओरखडा सगळं आहे. खालच्या डाव्या कोपऱ्यातून मात्र एक फिकट पट्टा वर गेलाय.

होल्डर ५-६ चा दोष. बिजागरीपाशी उजेड शिरतोय. मखमलीची पट्टी बदलायची, चामडं चाचांकडून उरलेलं आहे. ३-४ चा होल्डर सागात करायचा का महोगनीत, हे मामांशी बोलून ठरवायचं.